दोऱ्याची खाच

"काका, जरा मागं होऊन बघा, बोर्ड सरळ बसलाय का?" शिडीवरच्या माणसानं वरून विचारलं.

काका दोन पावलं मागं सरले, मान वर केली, आणि त्यांची दातखीळच बसली.

दातांच्या दवाखान्याच्या दारावर दोन तोंडं लागली होती. डोळे नाहीत, नाक नाही, नुसती हसणारी तोंडं, एकेक ओठ हातभर लांब. डावीकडच्या तोंडाखाली 'आधी' आणि त्यावर लाल फुली. उजवीकडच्याखाली 'नंतर' आणि शेजारी हिरवी बरोबरची खूण. डावीकडचे दात पिवळसर होते, एक सुळा शेजारच्या दातावर चढलेला, आणि वरच्या पुढच्या दाताच्या कडेला एक खाच. खरं तर ती खाच सुईचं टोक बसेल एवढीच. बोर्डावर तिच्यात अंगठा गेला असता.

काकांनी ती खाच झोपेतसुद्धा ओळखली असती. वर्षानुवर्षं दातानं दोरा तोडून तोडून पडलेली ती खाच त्यांच्या बायकोची होती.

"काका, सरळ आहे ना?"

"वाकडा आहे. काढा खाली."

"वाकडा कुठं? पट्टी लावून बसवलाय की."

"काढा म्हणतो ना!"

"डॉक्टरांना विचारा बुवा. आम्हाला लावायला सांगितलंय," असं म्हणून तो माणूस शिडी आवरायला लागला.

काकांना सगळे कवळीकाका म्हणत. दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून दात बनवायचे हे त्यांचं काम. रोग्याच्या तोंडाचा साचा पुढून यायचा, काका त्यात प्लास्टर ओतायचे, मेण कोरायचे, कवळी घासून चकचकीत करायचे. लोकांच्या लाळेनं, रक्तानं आणि सकाळच्या नाश्त्यानं भरलेले साचे त्यांनी आयुष्यभर धुतले, पण कधी नाक मुरडलं नाही. कवळी धुताना शेजारच्या कपातला चहा बिनघोर प्यायचे. तुम्हाला किळस कशी येत नाही हो, असं बाहेरची रिसेप्शनवाली नेहमी विचारायची. आज मात्र त्यांना किळस आली, आणि तेही एका स्वच्छ, नव्याकोऱ्या बोर्डाकडे बघून.

फोटो त्यांच्याच कॅमेऱ्यातला होता, यात शंकाच नव्हती.

तो कॅमेरा त्यांनी आठ वर्षांपूर्वी स्वतः घेतला होता. एकच दात नवा बसवायचा असला की त्याचा रंग शेजारच्या दाताशी मिळावा लागतो, आणि मोबाइलच्या फोटोत सगळ्यांचेच दात पांढरेफेक दिसतात. मोबाइल गोड बोलणाऱ्या पाहुण्यासारखा, खरं म्हणून सांगायचा नाही. डॉक्टरांना कॅमेरा घ्या म्हटलं तर ते म्हणाले, "काका, चालतंय हो तेवढं." काकांना तेवढं चालत नव्हतं. मग त्यांनी दुकानात जाऊन सगळ्यात खालचा, लेन्स बदलता येणारा कॅमेरा घेतला. दुकानदार म्हणाला, "हा शिकाऊ लोकांचा आहे, दोन वर्षांत तुम्ही वरचा न्यायला याल." काका परत गेलेच नाहीत. सोबत आलेली लेन्स दाताच्या फार जवळ जाईना, तर पुढे भिंगाची चकती लावली. फ्लॅश डोळ्यांत घुसायचा, तर बायकोचा कपडे बेतायचा कागद त्यावर चिकटवला. बॅटरीचं झाकण मोडलं, तेव्हा कवळीच्या हिरडीला वापरतात त्या गुलाबी प्लॅस्टिकचं झाकण घरीच घडवलं. काळ्या कॅमेऱ्याला ती गुलाबी हिरडी इतकी विचित्र दिसायची की पेशंट आधी तिच्याकडे बघून हसायचे, आणि काकांचं काम सोपं व्हायचं.

बायकोचा तो फोटो कॅमेरा घेतल्यानंतरच्या पहिल्याच रविवारचा. ती लहानपणापासून तोंडावर हात ठेवून हसणारी. शाळेत कुणीतरी तिच्या सुळ्यावरून काहीतरी बोललं होतं, त्याचा तो हात. त्या दुपारी काकांनी खिडकीत एक कवळी मांडली होती, उजेड कसा पडतो ते बघायला. बायको मशीनवर कुणाचा तरी घेरदार झगा शिवत होती, दोन्ही हातांनी कापड ताणून धरलेलं. काका कवळीपुढे वाकून अगदी गंभीरपणे म्हणाले, "आजी, जरा हसा बघू." बायकोला असं काही हसू फुटलं की बस. हात सोडावेत तर शिवण बिघडते, सोडू नयेत तर तोंड उघडं. काका वळले आणि बटण दाबलं.

"दाखवा," ती म्हणाली. मागच्या छोट्या पडद्यावर बघून म्हणाली, "शी! पुसा तो. आत्ताच्या आत्ता पुसा."

"पुसला," काका म्हणाले.

पुसला नव्हता. कसा पुसणार? लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती तेव्हा, आणि आपली बायको हसताना कशी दिसते ते त्यांनी पहिल्यांदा नीट बघितलं होतं. कधीतरी एकटे असले की ते बटणं दाबत दाबत मागे जायचे आणि तो फोटो बघून कॅमेरा बंद करायचे.

मागच्या महिन्यात डॉक्टर म्हणाले होते, "काका, तुमचं कार्ड द्या, सगळे फोटो कॉम्प्युटरवर घेऊन ठेवतो, रेकॉर्डला." काकांनी सरळ काढून दिलं. त्यात दातांचे दीड-दोन हजार फोटो होते आणि ते एक हसणं होतं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. स्वतःच्याच हातानं दिलं, मूर्खासारखं.

आणि आज चार वाजता ती इथं येणार होती. दवाखाना नवा रंगवला म्हणून डॉक्टरांनी तिच्याकडून सहा एप्रन शिवून घेतले होते.

काका तडक आत गेले. डॉक्टर तरुण होते, वडिलांच्या पश्चात दवाखाना बघायचे. मनानं वाईट नव्हते. तोच तर वैताग होता, धड भांडताही येईना.

"बोर्ड काढायला सांगा, डॉक्टर."

"का हो? मस्त झालाय की!"

"तो माझ्या बायकोचा फोटो आहे."

डॉक्टर हसले. "अरे बापरे, खरंच? मला वाटलं, कुणीतरी पेशंट. पण काका, त्यात चेहरा कुठंय? नुसतं तोंड तर आहे."

"तोंडच तिचं आहे हो!"

"कुणाला कळणार?"

"तिला कळेल."

"आणि 'नंतर'मध्ये बघा ना किती छान दिसतायत त्या."

'नंतर'मधले ओठ बायकोचेच होते. त्यांत कॉम्प्युटरवर दात भरले होते, एकासारखा एक, संडासातल्या फरशीसारखे पांढरे. सुळा गेला होता, खाच गेली होती. तीस वर्षं दाताला दातपण यावं म्हणून झिजलेल्या काकांना ते बघवेना. असले दात कुठल्याही माणसाच्या तोंडात उगवत नाहीत, आणि हे त्यांच्या दवाखान्याचं काम म्हणून दारावर टांगलं होतं. शी! यापेक्षा उष्टे साचे बरे.

"ते दात आपण बनवलेलेच नाहीत, डॉक्टर. ती थाप आहे."

"जाहिरात आहे हो. सगळेच करतात. आणि असं करू, आपण खरंच बनवू ना त्यांचे दात. फुकट. म्हणजे थाप पण नाही राहणार! नवा बोर्ड छापून येईपर्यंत दोन आठवडे राहू द्या, उद्या उद्घाटनाला माणसं यायचीत."

काका मागच्या खोलीत गेले, तिथून हिरवी चादर आणली, स्टुलावर चढले आणि बोर्डावर टाकली. रिसेप्शनवालीला म्हणाले, "रंग ओला आहे, हात लावू नका." तिनं बिचारीनं मान हलवली. चादर साडेतीनपर्यंत टिकली. मग डॉक्टर चहाला बाहेर पडले आणि स्वतःच ती ओढून, घडी घालून आत घेऊन आले.

काका बाहेर धावले, तर बायको आधीच दारात उभी. दोन्ही हातांत एप्रनच्या पिशव्या, मान वर. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"बिचारी," ती म्हणाली, बोर्डाकडेच बघत. "कुणीतरी हसवलं असणार तिला. नाहीतर एवढं तोंड कोण उघडतं?"

"अगं, मी..."

"पुसला म्हणाला होतात."

एवढंच. आवाजही चढला नाही. ती आत गेली, पिशव्या टेबलावर ठेवल्या आणि एकेक एप्रन काढून डॉक्टरांपुढे मांडला.

"काकू, सॉरी हं, माहीत नव्हतं मला," डॉक्टर म्हणाले. "बसा ना खुर्चीत. दोन तासांत दात असे करून देतो की ओळखणार नाही कुणी. एक पैसा नको."

"नको. मला तो दात कामाला लागतो."

शेवटच्या एप्रनच्या खिशाला एक दोरा लोंबत होता. टेबलावर कात्री पडलेली होती. तिनं कात्रीला हात लावला नाही. एप्रन तोंडाशी नेला, डॉक्टरांकडे सरळ बघत ओठ मागे घेतले आणि कट्‌कन दोरा तोडला. सुळा, पिवळेपणा, खाच, सगळं डॉक्टरांच्या समोर हातभर अंतरावर होतं. डॉक्टरांनी खाली बघितलं आणि उगाचच एप्रन मोजायला लागले.

काकांनी मागच्या खोलीतून कॅमेरा आणला आणि गळ्यात अडकवला.

"काका, तो इथंच असू द्या ना. उद्घाटनाचे फोटो?"

"मोबाइल आहे की," काका म्हणाले. "चालतंय तेवढं."

उद्या यायचं की नाही, ते त्यांनी ठरवलं नव्हतं. बोर्ड असेपर्यंत तर नाहीच. दोघं रस्त्याला लागली. वाटेत तिनं बटणं आणि कापड घेतलं, पुन्हा दोन्ही हातांत पिशव्या झाल्या. एक पिशवी मला दे म्हणून काकांनी दोनदा हात पुढे केला, तिनं दिली नाही. माफी कुठून सुरू करावी ते काकांना सुचेना.

"कशाला हो हसले होते मी तेव्हा?" मध्येच तिनं विचारलं. "आठवतच नाहीये."

"कवळीला म्हणालो होतो मी," काका म्हणाले. आवाज त्यांनी तेव्हासारखाच गंभीर केला. "आजी, जरा हसा बघू."

तिला हसू आलं. अगदी तसंच, पोटातून. ती थांबली, वाकून उजव्या हातातली पिशवी रस्त्यावर नीट ठेवली, आणि मग तोंडावर हात धरून हसली.