कड्यावरचा घोंघाव्या

मी एक जुना शत्रू आहे. दचकू नका मित्रांनो, मी व्हिडिओ गेममधला वारा आहे. माझं नाव घोंघाव्या. ढगासारखं गोल अंग, टम्म गाल आणि पेंगुळलेले डोळे. ‘टेकडीपार’ या खेळात एक मुलगी उड्या मारत कडे चढते. ती उडी घेते नेमकी तेव्हाच मी फुंकर मारतो आणि तिला दरीत पाडतो.

हिंजवडीतल्या एका ऑफिसात उत्कर्षाने मला घडवलं. ती तेव्हा परभणीहून नुकतीच नोकरीला आली होती. रविवारी मुळशी धरणावर वाऱ्याने तिची ओढणी उडवून नेली आणि सोमवारी तिने मला काढलं. माझ्या जगात कायम सकाळच असे. संगणक बंद झाला की मी पिसासारखा कुठेतरी तरंगत राही.

पहिल्या भागात मी कड्यावर होतो, दुसऱ्यात तळ्यावर आलो, तिसऱ्यात तर मला पांघरायला धुकं मिळालं. मुलं माझ्यावर चिडत आणि पुन्हा खेळत. एका सोसायटीच्या कार्यक्रमात एक मुलगी निळा झगा घालून, गाल फुगवून घोंघाव्या झाली होती. तिचा फोटो उत्कर्षाने कितीतरी दिवस टेबलावर लावला होता.

मग चौथ्या भागाची तयारी सुरू झाली. तिचे साहेब दयानंद म्हणाले, “लोकांना आता पडायचा कंटाळा येतो. हा आला की गेम सोडून देतात. काढून टाक याला.”

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. उत्कर्षाने मला घरच्या जुन्या लॅपटॉपवर ठेवून दिलं. तिथे कोणी उडी मारत नव्हतं. फुंकर गालात धरून मी नुसताच थांबलो होतो.

उत्कर्षा भूगावात सारजाबाईंच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहते. त्या हिवाळ्यात सारजाबाईंना न्यूमोनिया झाला. दवाखान्यातून घरी आल्या, पण चार पावलं टाकली की धाप लागे. दम वाढावा म्हणून डॉक्टरांनी नळीने बाटलीतल्या पाण्यात बुडबुडे काढायला सांगितलं होतं. सारजाबाईंनी बाटली बाजूला सारली. “मी काय बारकं पोर हाय व्हय, बुडबुडं काढाया?”

उत्कर्षाने डॉक्टरांना विचारून घेतलं, मला पुन्हा त्या उड्या मारणाऱ्या मुलीसमोर कड्यावर ठेवलं आणि माझ्यात एक बदल केला. लॅपटॉपच्या माइकवर कोणी हळू, लांब फुंकर मारली की मी मागे सरकायचं. एका सकाळी तिने मला पडवीत सारजाबाईंपुढे ठेवलं.

पहिली फुंकर मला जेमतेम जाणवली. त्या खोकल्या. “न्हाई जमायचं गं मला.”

“सावकाश, मावशी. दम लागला की थांबायचं.”

मी सवयीने गाल फुगवले. पडद्यावरची मुलगी घसरली. सारजाबाईंचे डोळे बारीक झाले. “ए गालफुग्या! पोरीला ढकलतुया व्हय? थांब तू!”

तेव्हापासून त्या रोज बसू लागल्या. मित्रांनो, मी जन्मभर दुसऱ्यांवर फुंकत आलो. माझ्यावर कोणी फुंकलं नव्हतं. ती फुंकर उबदार होती. आज बोटभर, उद्या दोन बोटं, असा मी मागे सरकत गेलो.

एकोणिसाव्या दिवशी माझ्याखालचा कडा संपला. मी अलगद, गिरक्या घेत खाली जाऊ लागलो. दरीत उत्कर्षाने रानफुलं रंगवली होती. इतकी वर्षं वर तरंगत होतो, पण ती कधी पाहिलीच नव्हती.

वरून आवाज आला, “पडला का गं? लागलं का त्याला?”

“नाही मावशी. पुन्हा वर येतो तो.”

“मंग आण की वर. कुणावर फुकू मी आता?”

चौथा भाग माझ्याशिवायच निघाला. त्याच महिन्यात सारजाबाई चहाचा कप घेऊन, मध्ये एकदाच थांबून, जिना चढून उत्कर्षाच्या खोलीत आल्या.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणाचा दम कमी पडत असेल, तर त्याला नुसतं ‘व्यायाम कर’ म्हणून निघून जाऊ नका. त्याच्याजवळ बसा. आणि त्याला एखादा असा शत्रू द्या, ज्याला रोज थोडं थोडं हरायला आवडतं.