कोपऱ्यातली सही

आमदार होण्याआधी साहेब वीस वर्षं औषधांच्या दुकानात उभे होते. उभेच, कारण काउंटरमागे त्यांनी खुर्ची कधी ठेवलीच नाही. बसलेला माणूस चिठ्ठी वाचत नाही, नुसती चाळतो, असं त्यांचं म्हणणं. चिठ्ठी हातात पडली की गिऱ्हाइकाची उलटतपासणी सुरू. आणखी काय घेता? कधीपासून? मागची गोळी बंद केलीत की चालूच आहे? खोकल्याचं औषध न्यायला आलेला माणूस सगळ्या दुखण्यांचा पाढा वाचल्याशिवाय सुटत नसे. लोक चिडायचे, त्यांना 'फौजदार' म्हणायचे आणि पुन्हा तिथेच यायचे. सगळं तपासून झालं की फौजदार चिठ्ठीच्या कोपऱ्यात छोटीशी सही करायचे. ही गोळी तुमच्या बाकीच्या गोळ्यांशी भांडणार नाही, एवढाच त्या सहीचा अर्थ.

त्या सहीशिवाय त्यांची ताई साधी सर्दीची गोळीही गिळत नसे. आई लवकर गेली, तेव्हा या पाठच्या भावाला तिनेच वाढवलं होतं. हृदयाची झडप बदलल्यापासून तिला रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज लागायची, आणि त्या गोळीचं निम्म्या औषधांशी वाकडं. काय चालतं, काय चालत नाही, हे ताईने लक्षात ठेवायचे कष्टच घेतले नाहीत. "माझं डोकं मी त्याच्या दुकानात ठेवलंय," म्हणायची.

मग लोकांनी फौजदारांना निवडून दिलं. ज्यांची दुखणी वीस वर्षं ऐकली, त्यांनीच. दुकान बंद झालं आणि दर सोमवारी कार्यालयात रांग लागू लागली. कुणाचा नळ, कुणाची बदली, कुणाचा दाखला. कागद पुढे यायचा, सहायक बोटाने जागा दाखवायचा, साहेब सही ठोकायचे. सही तीच, जुनी.

ताई बुधवारी गेली. पोटात रक्तस्राव झाला आणि दवाखान्यात पोचेपर्यंत फार उशीर झाला होता.

चार दिवसांनी साहेब भाऊजींपाशी बसले होते. हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून त्यांनी ताईचा औषधांचा डबा आवरायला घेतला. त्यात गुडघेदुखीच्या गोळ्यांची नवी पट्टी होती, अर्धीअधिक संपलेली. नाव वाचताच त्यांनी पट्टी उजेडाकडे धरून पुन्हा वाचली. ताईच्या रोजच्या गोळीबरोबर ही गोळी म्हणजे विष. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं असतं.

"ही कोणी दिली हिला?" ते जवळजवळ ओरडलेच.

"गुडघ्याला नवीन डॉक्टर होते. त्यांना हृदयाचं सांगायचं राहून गेलं तिच्याकडून." भाऊजींनी कपाटातून चिठ्ठी काढली. "पण तुला दाखवल्याशिवाय घेतली नाही हं तिने. मागच्या आठवड्यात सोमवारी आली होती ना तुझ्याकडे. दुकानदारानेही मग काही विचारलं नाही. साहेबांच्या नजरेखालून गेलंय म्हणाला."

कोपऱ्यात त्यांचीच सही होती.

"मी तुला बोल लावत नाही," भाऊजी हळूच म्हणाले. "तू वाचलीस, तुला ठीक वाटलं, सही केलीस. एखाद्या वेळी चुकतो माणूस. तसंच झालं ना?"

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. भाऊजींनी ती चूक पोटात घातली असती, जन्मभर एका शब्दाने उकरली नसती. साहेबांनी सहीवरून अंगठा फिरवला.

"मी वाचली नाही, भाऊजी," ते शेवटी म्हणाले. "ती आली होती, हेसुद्धा मला माहीत नाही."

भाऊजींनी डब्याचं झाकण लावलं.

"दीड तास रांगेत उभी होती," ते म्हणाले. "लोक म्हणाले, ताई, तुम्ही पुढे जा. नाही गेली. भावाला कुणी नावं ठेवायला नकोत म्हणून. घरी आली ती खुशीत. म्हणाली, किती काम असतं हो त्याला, मान वर करायलाही फुरसत नाही. मी बोललेच नाही, उगाच त्याचा खोळंबा कशाला."

साहेब चिठ्ठी छातीशी धरून लहान पोरासारखे रडू लागले. भाऊजींनी त्यांना रडू दिलं, पण जवळ काही आले नाहीत.