सॅम्पलरमधल्या किल्ल्या

“किल्ल्या गेल्या,” हे म्हणाले.

मी नुकतीच ड्यूटीवरून आले होते, चपलासुद्धा अजून पायातच. हातातला जुडगा मी त्यांच्या नाकासमोर धरला. “या काय! गेल्या असत्या तर इस्पितळाने मला घरी सोडलं असतं का?”

“त्या नाहीत गं. यातल्या.”

यातल्या म्हणजे जेवणाच्या टेबलावर पोट उघडं टाकून पडलेल्या यंत्रातल्या. झाकण एका खुर्चीवर, तारा दुसऱ्या खुर्चीवर, स्क्रू माझ्या चांगल्यातल्या वाट्यांमध्ये. आणि हे चष्मा कपाळावर चढवून त्या पोटात डोकावत बसलेले.

“मग आज जेवायचं कुठे?”

“मांडीवर घेऊ की ताटं. त्यात काय एवढं?”

कालही त्यात काय एवढं होतं, परवाही तेच. मी परात काढली. लग्नाला इतकी वर्षं झाली की कुठे तोंड उघडायचं आणि कुठे पोळ्या लाटायला घ्यायच्या, हे माणसाला कळतं.

त्या यंत्राला सॅम्पलर म्हणतात. मी सवत म्हणते. लग्नानंतर पहिला फ्रिज घ्यायचा म्हणून हे गेले, आणि येताना बंद पडलेल्या एका स्टुडिओतून हे राखाडी धूड काखेत मारून आले. त्या उन्हाळ्यात आम्ही माठातलं पाणी प्यायलो आणि मी महिनाभर फणफणत होते. पुढच्या बाजूला रबराची चौकोनी बटणं, एक छोटीशी काच, फ्लॉपी घालायची फट. त्याला एखादा आवाज ऐकवायचा, तो ते धरून ठेवतं, आणि रबराचं बटण दाबलं की तोच आवाज परत देतं. हे अशा आवाजांची गाणी बांधतात. वजनं काट्याच्या पारड्यात पडतात तो आवाज ढोलाच्या जागी. आमच्या लेकीची, ठमीची, तान्हेपणीची उचकी. शेजारच्यांच्या दाराची कडी. ऐकताना हसू येतं, आणि मग बघता बघता पाय हलायला लागतो. हे मी त्यांच्यासमोर कधी कबूल केलेलं नाही.

पण सवतीचं पोट फार लहान. थोडे सेकंद भरले की झालं. नवा आवाज आत घ्यायचा तर जुना बाहेर काढायचा. उचकी गेली, कडी गेली, ठमीचं पहिलं ‘बाबा’सुद्धा एकदा गेलं आणि त्यावरून आमच्या घरात दोन दिवस अबोला होता. एकच आवाज कधी बाहेर निघाला नाही. माझ्या किल्ल्या.

मी इस्पितळात चादरी-कपड्यांच्या कोठारावर आहे. कपाटं ढीगभर, त्यांच्या किल्ल्या ढीगभर, सगळ्या एका कड्यात. धुवायला जाणारी गाठोडी ज्यावर तोलतात तो काटा अडला, म्हणून दुरुस्तीला हे पहिल्यांदा आले तेव्हा जमिनीवर आडवे पडून काट्याखाली डोकं घालून होते. मी दारात पोचायच्या आधीच आतून आवाज आला, “या, मॅडम.” मी म्हटलं, तुम्हाला कसं कळलं? तर म्हणाले, “तुम्ही येताय हे त्या टोकापासून कळतं. छान वाजता तुम्ही.” एखाद्या पोरीला असं कोणी म्हणतं का? मला इतका राग आला की मी पुढच्या आठवड्यात काट्याची पुन्हा तक्रार केली.

यंत्र घरात आल्यावर पहिला आवाज घेतला तो त्या जुडग्याचा. प्रत्येक गाण्यात ताल धरायला किल्ल्याच. छिन्‌ छिन्‌ छिन्‌. एकदा मी म्हटलं, अहो, याहून बरं काही मिळत नाही का? तेव्हा म्हणाले, “तालाला विश्वासू माणूस लागतं.” मी चहा टाकायला गेले.

तर त्या किल्ल्या आता गेल्या होत्या. म्हणजे यांच्या म्हणण्याप्रमाणे. आधी मळकट झाल्या, मग लांब गेल्या, आणि आता बटण दाबलं तरी नुसतं ‘थप्प’. यांनी आतले सांधे पुसले, तारा बदलल्या, कुठून कुठून जुने सुटे भाग आणले. त्यात ठमीच्या शाळेचं नाटक तोंडावर आलेलं. ठमी बालवर्गाला शिकवते आणि नाटकाचं संगीत दरवर्षी तिचे बाबा करतात. तालमीला यंत्र नेलं तर यांनी बारीक आवाज वाढवायचं चाक पार शेवटापर्यंत फिरवलं. ठमी घरी आली ती डोकं धरूनच.

“बाबा, कान किटले पोरांचे! ढग झालेली पोरं पंख्यासारखी गरागरा फिरायची सोडून कानावर हात ठेवून उभी होती. मुख्याध्यापिका बाई तर बाहेर जाऊन बसल्या.”

“मशीनच गेलंय, त्याला मी काय करू?” हे म्हणाले. बोलले ते इतक्या पडक्या आवाजात, की ठमीने पुढचं गिळलं. “नाटक झालं की विकून टाकतो. सुट्या भागांसाठी तरी कोणी नेईल. पुरे झालं आता हे सगळं.”

इतकी वर्षं ही सवत कधी एकदा घराबाहेर जाते म्हणून मी देव पाण्यात घालून बसले होते. तो दिवस आला, आणि मला काही बरं वाटेना. कारण यंत्रासाठी जीव टाकणारा हा माणूस यंत्र गेल्यावर करणार काय? दिवसभर काटे दुरुस्त करायचे आणि संध्याकाळी भिंतीकडे बघायचं?

शनिवारी दुपारी गिऱ्हाईक आलं. केसांची पोनी बांधलेला, धिप्पाड, पण बोलायला एकदम गोड. यंत्र बघून त्याने चक्क हात जोडले. “काका, हे अजून जिवंत आहे? लोक शोधत फिरतात हो!”

“जिवंत कसलं! अर्धमेलं आहे. खोटं सांगून विकणार नाही मी,” हे म्हणाले. “हे पहिलं बटण दाबा. काही येतं का?”

पोनीवाल्याने दाबलं. छिन्‌. माझ्याच किल्ल्या, लख्ख.

“येतंय की.”

“काय येतंय?”

“किल्ल्या आहेत ना या? जरा टोचतायत, पण एकदम मस्त. काका, मशीन ठणठणीत आहे.”

यांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा स्वतः बटण दाबलं. छिन्‌ छिन्‌ छिन्‌. मग मान हलवली. “तुम्हा लोकांचे कान गेलेत. सारखे ते हेडफोन घालून घालून. थांबा, पाणी देतो.”

फ्रिजचं दार उघडून हे बाटली शोधायला लागले. काहीतरी विचार करत तसेच उभे राहिले. जरा वेळाने फ्रिज ओरडायला लागला. दार उघडं राहिलं की ओरडतो तो, टीं टीं टीं, अगदी डोक्यात जाणारं. पोनीवाल्याने वळून पाहिलं. मीही पाहिलं. हे फ्रिजच्या दाराला कान लावल्यासारखे उभे, आणि चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही.

मीच पुढे होऊन दार लावलं.

एकामागून एक सगळं आठवायला लागलं. ताप मोजायची नळी वाजून जायची आणि हे ती तोंडात धरून बसून राहायचे. गजर त्यांच्या उशाशी, उठायचे मी. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, मी जिन्यावर आले, किल्ल्या वाजल्या, की आतून “आलीस?” यायचंच. गेलं वर्षभर ते बंद झालं होतं. मी मनात केवढा राग धरला होता त्याचा! वाटायचं, झालं, जुनी झाले मी, आता यांना सवतीपुढे मी दिसत नाही. वेडी कुठली. मी दिसत होते. ऐकू येत नव्हते.

पोनीवाला “नाटक झालं की न्यायला येतो” असं सांगून गेला. हे पुन्हा खुर्चीत बसले. मी जुडगा घेतला आणि त्यांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिले. खुळखुळवला. हे स्क्रू पिळत होते, पिळत राहिले. अजून जवळ गेले. जोरात खुळखुळवला. मग अगदी कानाशी नेऊन.

“काय करतेस? वारा कशाला घालतेस?” हे म्हणाले.

मला रडू फुटलं. एकदम, लहान पोरीसारखं.

“अगं, काय झालं?”

“अहो, मशीनला काही झालेलं नाही. तुमचे कान गेलेत.”

“माझे?”

“बारीक आवाज येत नाहीत तुम्हाला. फ्रिज ओरडला, आला का? गजर येतो का? आत्ता मी तुमच्या कानाशी किल्ल्या वाजवल्या.” मी जुडगा पुढे केला आणि हलवला. यांनी माझा हात हलताना पाहिला. किल्ल्या एकमेकींवर आपटताना पाहिल्या. मग हात लांब करून तो अख्खा जुडगा मुठीत घट्ट धरला, जसं वाजणारं काही थांबवावं तसा.

मला वाटलं, आता चिडतील. घास टाकून उठतील तसे उठून जातील. तर हे म्हणाले, “म्हणजे मशीन चांगलं आहे?”

“अहो!”

“नाही, म्हणजे, काहीच बिघडलेलं नाही ना? आणि मी मूर्खासारखं तीनदा उघडलं!” आणि हसायला लागले. डोळ्यांत पाणी, आणि हसतायत. मीही हसले. काय करणार, असल्या माणसाशी लग्न केलंय. कान गेल्याचं सांगितलं तर यंत्र वाचल्याचे पेढे वाटायला निघालाय.

मग हळूहळू हसू ओसरलं. बोटाने पहिल्या बटणाचं रबर नुसतंच चाचपत राहिले. “पण तू काही आता मला ऐकू येणार नाहीस,” असं म्हणाले.

ते मला सहन झालं नाही. मी पदर खोचला आणि खुर्ची ओढून यंत्रासमोर बसले. जन्मात पहिल्यांदा. “सरका. आवाज खाली आणायचं चाक कुठलं? ठमीची उचकी म्हाताऱ्याची करायचात ते?”

“ते डावीकडचं. हळू फिरव, ते नाजूक—”

“नाजूक काय नाजूक! चादरींची अख्खी कपाटं उघडते रोज.”

एक हात चाकावर, दुसऱ्याने बटण. छिन्‌. यांची मान नाही म्हणून हलली. थोडं खाली. छन्‌. नाही. अजून खाली. खन्‌. हे डोळे मिटून बसलेले, कपाळाला आठ्या. चाक खाली जाईल तसा आवाज जाड होत होता, सुस्त होत होता. खऽण्‌.

“थांब!”

मी थांबले.

“पुन्हा.”

खऽण्‌.

यांचे डोळे उघडले. ठमी झाली तेव्हा इस्पितळाच्या बाकावर मी हा चेहरा पाहिला होता, त्यानंतर आज. “आल्या,” हे म्हणाले. “पण केवढ्या लठ्ठ झाल्यात गं! या तू नाहीस, या तुझ्या आईच्या वाटतात.”

“मी काय शेलाटी राहिलेय? लठ्ठच आहे आता. चालेल ना?”

“पळेल,” हे म्हणाले, आणि त्याच बैठकीत नाटकाचं सगळं संगीत नव्याने बांधायला घेतलं. त्या दिवशीही आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवलो. त्यात काय एवढं?

नाटकात ढग आले तेव्हा त्यांच्यामागे माझ्या किल्ल्या मोठ्या घंटेसारख्या वाजत होत्या. पोरं गरागरा फिरली, एक ढग चक्कर येऊन पहिल्या रांगेतल्या आजोबांच्या मांडीत पडला, टाळ्या थांबेनात. ठमी पडद्याआडून मला डोळे मोठे करून विचारत होती, बाबांनी केलं काय? मुख्याध्यापिका बाई शेवटपर्यंत आतच बसल्या होत्या. पोनीवाला ठरल्याप्रमाणे आला, पण त्याला मीच दारात गाठलं. म्हटलं, “भाऊ, यंत्र विकायचं नाही. घरातलं माणूस आहे ते.” बोलून गेल्यावर माझी मलाच लाज वाटली. तो हसला, म्हणाला, “काकू, मग कधीतरी वाजवायला तरी येऊ का?” आता दर रविवारी येतो आणि चहाचे तीन कप पितो.

कानाच्या डॉक्टरांकडेही जाऊन आलो. त्यांनी सांगितलं, वयाने आणि कारखान्यांतल्या काट्यांपाशी आयुष्य घालवल्याने गेलेलं परत येत नाही. कानात घालायचं बारकं यंत्र दिलं. कामावर हे ते घालतात, कारण गिऱ्हाइकाचं ऐकावंच लागतं. घरी आले की काढून माझ्या वाटीत ठेवतात. त्यातून सगळं पत्र्यासारखं वाजतं म्हणतात. मी वाट्यांवर पाणी सोडलंय.

माझी ड्यूटी सुटायच्या सुमाराला हे सवतीला चालू करून ठेवतात. फ्लॉपी वाचायला तिला वेळ लागतो, घरघर करते, म्हणून जरा आधीपासूनच. मी जिना चढते. दारात सवयीने किल्ल्या खुळखुळवते, आणि उगीचच क्षणभर थांबते. आत हे टेबलाशी पाठमोरे, पुढ्यात कुणाच्या तरी दुकानाचा काटा, मान खाली. काही हालचाल नाही.

चपला काढते. यंत्रापाशी जाते. पहिलं बटण दाबते.

खऽण्‌.

“आलीस?” हे विचारतात.

“आले,” मी म्हणते, जरा मोठ्याने.