मारितच्या कुरणाची माती

प्रियदर्शिनी सहा वर्षं एकाच मातीच्या मागे लागली होती. दर उन्हाळ्यात ती सिंगापूरमधल्या आपल्या विद्यापीठातून संशोधनासाठी स्कँडिनेव्हियाच्या उत्तर टोकाला जायची. तिथे झाडं खुजी होत होत संपतात आणि करडा माळ सुरू होतो. त्या माळावर मध्येच हिरव्यागार गवताचे तुकडे दिसतात. रेनडिअर पाळणारी, सत्तरी ओलांडलेली मारित तिला ते दाखवत हिंडायची. "आमची माणसं दूध काढायला कळप इथे आणायची," ती सांगायची.

प्रियदर्शिनीने माती खणली, थर तपासले. चारशे वर्षांपूर्वीच्या कळपांच्या लेंड्यांनी ती जमीन कसदार झाली होती आणि माणसं निघून गेल्यावरही तशीच राहिली होती. 'हा प्रदेश कधीच निर्मनुष्य नव्हता. तो माणसाने घडवला आहे,' असं तिने शोधनिबंधात लिहिलं. मारितने तो निबंध घरी भिंतीवर लावला.

मार्चमधल्या एका शनिवारी दुपारी मारितचा व्हिडिओ कॉल आला. तिच्या हातात एका खाण कंपनीचा अहवाल होता.

"प्रिया, हे तू लिहिलंस?"

अहवालात म्हटलं होतं की हा प्रदेश मूळ निसर्ग नाहीच, माणूस तो शतकानुशतकं बदलत आला आहे, त्यामुळे खाणीने इथे वेगळं काही घडणार नाही. खाली आधार म्हणून प्रियदर्शिनीचं नाव होतं.

त्याच दिवशी तिने हरकत लिहायला घेतली. परवानगी देणाऱ्या कार्यालयाचं उत्तर महिन्याने आलं: आपल्या निबंधातला निष्कर्ष चुकीचा आहे, असं आपलं म्हणणं आहे का?

"कळपाने जमीन जगते, खाणीने मरते, एवढं स्पष्ट लिही ना," नवरा नरेश म्हणाला.

"लिहिलंय रे. निबंधाच्या तेराव्या पानावर आहे. तेवढंच पान कंपनीने सोडलं."

बारा वर्षांची त्यांची लेक श्रिया टॅबवरून मान वर करून आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "बट ममा, यू सेड इट्स ट्रू, लाह."

ते खरंच होतं. खोटं असतं तर मागे घेता आलं असतं.

जूनमध्ये खाणीला परवानगी मिळाली. खाणीचा रस्ता कळपाच्या वाटेवरूनच जाणार होता. मारितने अर्धी जनावरं विकून टाकली. प्रियदर्शिनीने फोन करून माफी मागितली.

"तू वाईट नाहीस," मारित म्हणाली. "पण आता येऊ नकोस. पुढच्या वेळी तुला काय सापडेल, याची मला भीती वाटते."

आठवड्याने विभागप्रमुख विक्रांत तिच्या टेबलाशी आला. तो खूश होता. "तुझं काम थेट सरकारी निर्णयात वापरलं गेलं! वर्षभराच्या कामाच्या फॉर्ममध्ये 'संशोधनाचा उपयोग' या रकान्यात नक्की लिही. असं कितीजणांचं होतं?"

तिने तो रकाना कोरा सोडला. उन्हाळी दौऱ्याचा अर्जही भरला नाही. विक्रांतने कारण विचारलं.

"तिथे मला आता कुणी बोलावत नाही," ती म्हणाली आणि संगणकाकडे वळली. पडद्यावर काय आहे ते तिला दिसत नव्हतं.