महाराजांची थांबलेली नाडी

फुलंब्रीबाहेर नव्यानं पाडलेल्या प्लॉटांवर मांडव घातला होता. दुष्काळाचं सलग तिसरं वर्ष. पाण्याचा टँकर येऊन उभा होता, तरी हंडे रांगेत सोडून बायका मांडवाकडं पळाल्या होत्या, कारण नाडीमहाराज आज स्वतःचा प्राण थांबवून दाखवणार होते. अंगाची लाही करणाऱ्या उन्हात महाराज शाल पांघरून बसले होते. हे विशाखाखेरीज कुणाला खटकलं नाही. चिकलठाण्याच्या कारखान्यात ती तयार माल तपासायची, आणि तपासल्याशिवाय काहीही पुढं जाऊ द्यायचं नाही ही सवय तिच्या हाडीमाशी खिळली होती.

तिला काळजी होती वडिलांची, सांडूंची. गेल्या आठवड्यात त्यांचा उजवा हात एकाएकी लुळा पडला, जीभ जड झाली. आईनं, केसरबाईंनी, घाबरून महाराजांचा दोरा बांधला आणि घटकाभरात हात हलू लागला. झालं, महाराज देव ठरले. शहरातल्या डॉक्टर मनस्विनींचं म्हणणं वेगळं होतं. मेंदूकडं जाणारी मानेतली रक्तवाहिनी अरुंद झालीय. बारीक गुठळी सुटली आणि विरघळली, म्हणून हात परत आला. पुढची विरघळेलच असं नाही. एरवी नळी मांडीतून घालतात, पण सांडूंच्या तिथल्या वाहिन्या खराब आहेत, तेव्हा मनगटातून नळी मानेपर्यंत नेऊन वाहिनी उघडी ठेवणारी जाळी बसवायची.

"दुखणं मानंत अन् भोक मनगटाला?" केसरबाईंकडून हे कळलेले महाराज माइकवर हसले. "आम्ही न कापता नाडीला हुकूम करतो. थांब म्हटलं की थांबते, चल म्हटलं की चालते. फक्त श्रद्धा पाहिजे, अन् दवाखाना बंद पाहिजे."

मांडवात हशा पिकला. खरं तर विशाखालाही मनगटाचं आधी पटलं नव्हतं. तिनं डॉक्टरांना तोंडावर तसं विचारलं होतं. त्या रागावल्या नाहीत. विशाखाची बोटं तिच्याच मनगटावर आणि मग गळ्यावर ठेवून म्हणाल्या, "दोन्हीकडं एकच हृदय रक्त ढकलतं. वाट सलग आहे."

महाराजांनी सांडूंनाच पुढं बोलावलं, आपलं उजवं मनगट त्यांच्या हाती दिलं आणि डोळे मिटले. सांडूंचा चेहरा उतरला.

"थांबली वो. लागत नाय."

केसरबाईंनी हात जोडले. विशाखा पुढं झाली. "आबा, मनगट सोडू नका. दुसरा हात त्यांच्या गळ्याला लावा."

"पोरी, समाधीत हायेत ते."

"प्राण थांबलाय म्हणतात ना? मग त्यांना कळायचं बी नाय. लावा."

सांडूंनी भीतभीत बोटं टेकवली. त्यांच्या कपाळावर आठी पडली. "हितं तर धडधड चालूय."

महाराज दचकून मागं सरकले, तशी विशाखानं शाल ओढली. काखेतून रबरी चेंडू निसटला आणि घरंगळत केसरबाईंच्या पायाशी आला. काखेत चेंडू दाबला की हाताकडं जाणारी वाहिनी चेपते आणि मनगट गप्प होतं. बाकी महाराज ठणठणीत.

"मग माझा हात कुणी परत आणला?" सांडूंच्या आवाजात रागापेक्षा भीती जास्त होती.

"आपोआप आला, आबा. दोरा नसता तरी आला असता. पुन्हा गेला तर येईल का, ते यांना ठाऊक नाय."

केसरबाईंनी नवऱ्याच्या दंडावरचा दोरा तोडून टाकला.

दवाखान्यात सांडूंनी डॉक्टरांना विचारलं, "पक्कं बरं वाटंल का?"

"धोका बराच कमी होईल. पण जाळी बसवतानाही थोडा धोका असतो, तोही सांगते."

त्यांनी सगळं सांगितलं. "महाराजानं यातलं काहीच सांगितलं नव्हतं," एवढंच बोलून सांडूंनी मनगट पुढं केलं.

मंडळी, हात लुळा पडून परत आला, बोलणं अडखळून सुटलं, तर त्याला कृपा म्हणू नका. तो इशारा आहे, त्याच पावली दवाखाना गाठा. आणि समोर डॉक्टर असो की महाराज, शंका विचारा. विचारल्यावर जो समजावून सांगेल त्याच्या हाती आपलं मनगट द्या.