लिफ्टपर्यंत

बिट्टी बिझनेसची पदवी घेऊन एका बऱ्यापैकी कंपनीच्या एच.आर. खात्यात चिकटली, तेव्हा घरच्यांना वाटलं, आता नोकऱ्यांची किल्लीच आपल्या हातात आली. मावशीने तर लगेच आपल्या दोन्ही दिवट्यांचे बायोडेटा धाडून दिले. बाबांनी मात्र काही मागितलं नाही. त्यांचा कारखाना बंद पडून वर्ष उलटलं होतं. जन्मभर स्टोअरकीपर म्हणून राबलेला माणूस आता स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवत बसायचा. ते एवढंच म्हणाले, "कुठून बोलावणं आलं तर माझी तयारी करून घे हं."

कॉलेजात बिट्टी माणसं कशी निवडायची हे शिकली होती. ऑफिसात तिच्या वाट्याला आली ती न निवडलेली. पहिल्याच आठवड्यात खात्याच्या मॅडमनी तिला तिथली रीत समजावली.

"ज्याला घ्यायचं, त्याला बसवून ठेवायचं, पगाराचं विचारायचं. घ्यायचं नाही, त्याला आपण स्वतः लिफ्टपर्यंत सोडायचं. हसून. बटणही आपणच दाबायचं."

"पण असं का?"

"वाटाण्याच्या अक्षता लावायच्याच, तर गोडीत लाव ना! मग ते रिसेप्शनपाशी घुटमळत नाहीत, फाटे फोडत नाहीत. आणि तुझा चेहरा या कामाला अगदी बरा आहे. तुझ्यावर कोण चिडणार?"

खरंच कोणी चिडत नव्हतं. बिट्टी रोज माणसं लिफ्टपर्यंत सोडू लागली. पन्नाशी उलटलेला कोणी आला, की तो धड टेकायच्या आत मॅडमची खूण व्हायची. बिचारे खूश होऊन जायचे. एकाने तर लिफ्टचं दार मिटता मिटता तिला भरभरून आशीर्वाद दिला. त्या दिवशी तिने डबा न उघडताच घरी परत नेला. असली नोकरी गेली खड्ड्यात, असं तिला दिवसाआड वाटायचं. पण घरात मिळवती ती एकटीच, तेव्हा मुकाट्याने दुसऱ्या दिवशी हजर.

आणि एकदाचं बाबांना बोलावणं आलं. एका मोठ्या गोदामाला सुपरवायझर हवा होता. घरात जीव आला. आईने शर्टाला कडक इस्त्री मारली. बिट्टीने जुन्या टूथब्रशने बाबांचे कल्ले काळे केले आणि प्रश्न विचारून त्यांची तयारी करून घेतली. बाबा खुर्चीत ताठ बसून उत्तरं देत, आणि अडले की लहान मुलासारखे तिच्या तोंडाकडे बघत. तिने तोंडभर कौतुक केलं. पन्नाशीवाल्यांचं काय होतं, हे सांगायची तिची छाती झाली नाही.

मुलाखतीच्या दिवशी संध्याकाळी ती घरी आली, तर दार बाबांनीच उघडलं. चेहरा नुसता फुललेला.

"अगं, काय माणसं आहेत! उगाच पाल्हाळ नाही, मोजकंच बोलले. पण मान बघ केवढा! ती एच.आर.ची पोरगी, तुझ्याच वयाची असेल, उठून माझ्याबरोबर आली. थेट लिफ्टपर्यंत! बटणसुद्धा मला दाबू दिलं नाही."

बिट्टीने चपलाही न काढता विचारलं, "पगाराचं काही विचारलं?"

"छे गं! पहिल्याच भेटीत पैशाचं कोण काढतं? कळवतो म्हणाले."

आई चहा घेऊन आली. "तुमच्याकडेही सोडतात का गं असं लिफ्टपर्यंत?"

बाबा बिट्टीकडे बघत होते. कल्ल्यांचा काळा रंग घामाने कानामागे ओघळला होता.

"सगळ्यांना नाही," ती म्हणाली. "मॅडम सांगतील त्यांनाच."

"बघ! मी म्हटलं नव्हतं?" बाबा आईला म्हणाले.

तेव्हापासून फोन बाबांच्या हातातून सुटेना. आंघोळीला जाताना ते तो आईच्या हवाली करत, आणि बाहेर आल्या आल्या विचारत, "वाजला का?" फोन वाजणार नव्हता. 'नाही' म्हणायला कोणी फोन करत नाही, ते तर लिफ्टपाशीच म्हणून झालेलं असतं. आज सांगू, उद्या सांगू म्हणत बिट्टी रोज टाळत होती. तिला स्वतःची शिसारी येत होती.

एका सकाळी ती कामाला निघाली, तर बाबा चपला अडकवून मागोमाग इमारतीच्या लिफ्टपर्यंत आले.

"तू बाई रोज जगाला सोडतेस. आज मी सोडतो तुला."

बिट्टीने हात पुढे केला, पण त्यांनी तो बाजूला सारला आणि बटण स्वतः दाबलं. ती आत शिरून वळली. दार मिटेपर्यंत बाबा समोर हसत उभे होते. बिट्टीही हसली. ते हसू तिला आता छान जमत होतं.