चाँदभाईंचा बल्ब

“अम्मी, नको लावूस.”

अम्मी जुन्या टायरवर चढून उभी होती. हात बटणापाशी.

“का? धुकं दिसत न्हाई व्हय तुला?”

“बघणाऱ्याला वाटेल, अब्बा आहेत.”

“मग वाटू दे की!”

ताम्हिणी घाटातल्या वळणावरचं हे पंक्चरचं दुकान अब्बांचं, म्हणजे चाँदभाईंचं. पावसाळ्यात इथं भरदुपारी धुकं उतरतं आणि रस्ता दिसेनासा होतो. मग अब्बा दारावरचा पिवळा बल्ब लावत. जेवायला घरी जातानासुद्धा आठवणीनं मालवत. कोकणात उतरणाऱ्या ड्रायव्हरांना ते पाठ होतं.

मी पुण्यात कॉलेजात तर्कशास्त्र शिकवते. गेल्या पावसाळ्यात दुकानातल्या स्टुलावर बसून ट्यूब घासता घासता अब्बांनी विचारलं होतं, “शाइस्ता, तू पोरांना शिकवतीस तरी काय गं?”

मी हा बल्बच दाखवला. बल्ब लागलेला असला की चाँदभाई दुकानात असतात. बल्ब लागलाय. म्हणून चाँदभाई दुकानात आहेत.

“मांडणी बिनचूक आहे, अब्बा. पण तुम्ही नसताना कुणी बल्ब लावला, तर पहिलं वाक्यच खोटं पडतं. मांडणी तेव्हाही बिनचूकच असते. फक्त निष्कर्षावर भरवसा ठेवता येत नाही.”

“सगळं बिनचूक, आन तरी खोटं?” ते हसले. “लई अवघड हाय बाबा तुझं. आन मी नसताना लावंल कोण? तुझ्या अम्मीचा तर हात बी पुरत न्हाई तितं.”

यंदाच्या उन्हाळ्यात ते गेले. त्यानंतरचं हे पहिलं धुकं.

“लावू का उतरू?” अम्मी म्हणाली. “टायर डुगडुगायला लागलाय हा.”

मी खाली वाकले. तिला आधार द्यायला नुसता टायर धरून ठेवला. खटका वाजला. दारापुढचं धुकं पिवळं झालं.

थोड्या वेळानं घाटातून एक टेंपो चढत आला. वेग कमी झाला, ब्रेक कुरकुरले. धुक्यातून ओळखीचा आवाज आला. पेणहून मीठ आणणारा जनार्दन.

“ओ चाँदभाई! लाईट दिसली म्हणून थांबलो. मागचं चाक बसलंय बघा!”

अम्मीनं माझ्याकडे पाहिलं. सांगायचं मलाच होतं. कुठलं वाक्य खोटं पडलंय, तेही मला ठाऊक होतं.

तरी, त्याला उत्तर देण्याआधी, मी वळून आत पाहिलं. अब्बांच्या स्टुलाकडे.